हुमल्यांच्या घरातली अळी : कासरगोडच्या बागांतून

पहिला दिवस : मंगळूर, कल्लडका, पेर्ला

दिवाळी उरकली, दादाने बागेतली कामं गड्यांवर सोपवली आणि आमचं एकदाचं निघायचं ठरलं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. सावंतवाडीच्या पुढे त्याची काजूची बाग आहे, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं. मला फुलपाखरांचं वेड आणि त्याला ढेकण्याची काळजी. काजूला मोहोर येण्याच्या सुमारास कोवळ्या फुटीतला रस शोषून अख्खी फांदी करपवणारी ती कीड कोकणात कुणाला ठाऊक नाही? दोघांच्याही कामाचं ठिकाण मात्र एकच निघालं: केरळच्या उत्तर टोकाचा कासरगोड जिल्हा.

मला तिथे मॉथ बटरफ्लायची अळी पाहायची होती. ही अळी झाडावरच्या लाल मुंग्यांच्या घरट्यात राहते आणि त्या मुंग्यांचीच पिल्लं खाऊन मोठी होते. दादाला पाहायच्या होत्या त्या मुंग्याच. आपल्याकडे त्यांना कुणी हुमले म्हणतं, कुणी ओंबील. आंबे काढायला एकदा जरी झाडावर चढलेलं असलं, तरी त्यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

मडगावहून रात्रीची गाडी, सकाळी मंगळूर. तिथून बंगळूर रस्त्याने कल्लडक्याला आलो आणि चहासाठी उतरलो. इथला 'केटी', म्हणजे कल्लडका टी, प्रसिद्ध आहे. काचेच्या ग्लासात खाली गोड दूध आणि वर चहाचा दाट अर्क, मधली रेघ अगदी स्पष्ट. दादाने पहिला ग्लास ढवळून प्यायला, दुसरा न ढवळता. न ढवळता पिताना आधी कडूपणा आणि शेवटी गोडवा येतो, आणि तसाच तो प्यावा असं माझं मत आहे.

कल्लडक्याहून विट्ल, मग केरळची हद्द आणि पेर्ला. रस्ता सतत वर-खाली जातो. माथ्यावर जांभ्याचे उघडे सडे, उतारावर काजू, दरीच्या तळाशी पोफळी. मालवण-देवगडचं माणूस इथे डोळे मिटून आणून सोडलं, तर त्याला आपण घरापासून किती लांब आलोय ते कळायला वेळ लागेल.

आमचा मुक्काम पेर्ल्याजवळच्या एका कऱ्हाडे कुटुंबात होता. त्यांचे पूर्वज कधीकाळी कोकणातून खाली सरकले. घराबाहेर तुळू, कानडी आणि मल्याळम, घरात मात्र अजून त्यांची स्वतःची मराठी. यजमानांना सगळे अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला अक्का, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. अण्णा सावकाश बोलले की आम्हाला सगळं कळायचं. अक्का आणि त्यांच्या जाऊबाई आपसांत बोलायला लागल्या की निम्मं निसटायचं.

रात्री पत्रोडे, ब्राह्मीची तंबळी आणि पुनर्पुळीचं, म्हणजे आपल्या कोकमाचं, सार. पत्रोडे आपल्या अळुवडीचं सख्खं भावंड, पण इथे ते तांदळाच्या वाटणात उकडून मग गूळ-खोबऱ्यात परततात. जेवणं होईपर्यंत आकाश गडगडायला लागलं आणि कौलांवर तासभर पाऊस कोसळला.

जाणार असाल तर : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इकडे परतीचा पाऊस असतो, बहुतेक दुपारनंतर. सकाळी सातला बागेत असावं आणि दोनच्या आत घरी. आतल्या गावांत जाणाऱ्या खासगी बसगाड्या संध्याकाळी लवकर बंद होतात, तेव्हा परतीची वेळ आधीच विचारून ठेवा.

दुसरा दिवस : पोफळीच्या सावलीत

अण्णांची बाग दरीत आहे. पोफळीच्या रांगा, त्यांवर चढवलेली मिरी, मधे मधे कोको. पाणी सुरंगातून येतं. सुरंग म्हणजे डोंगराच्या पोटात माणूस वाकून जाईल एवढा खणलेला आडवा बोगदा. जांभ्यात झिरपलेलं पाणी त्यातून आपोआप बाहेर वाहतं, पंप लागत नाही. या भागात असे सुरंग पुष्कळ आहेत आणि ते कुदळीने, दिव्याच्या उजेडात, हातांनी खणलेले आहेत. अण्णांच्या आजोबांनी खणवलेल्या सुरंगाच्या तोंडाशी आम्ही उभे राहिलो, तेव्हा आतून गार वारा अंगावर येत होता आणि पायाशी घोट्याएवढं पाणी वाहत होतं. त्या पाण्याची आठवण मला पुढच्या दिवशी पुन्हा येणार होती.

मुंग्यांची घरटी शोधावी लागली नाहीत. कोकोवर होती, बांधावरच्या फणसावर होती, जांभळीवर होती. हिरवी पानं एकमेकांना चिकटवून केलेले गोळे, नारळाएवढे, काही त्याहून मोठे. अण्णांनी एका नव्या घरट्याचं काम चालू असलेलं दाखवलं. दोन पानांच्या कडा जवळ आणायला मुंग्या एकमेकींच्या कमरा धरून साखळ्या करतात आणि ओढतात. कडा पुरेशा जवळ आल्या की दुसऱ्या मुंग्या आतून अळ्या आणतात, मुंग्यांच्याच अळ्या, आणि जबड्यात अलगद धरून या पानावरून त्या पानावर फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं आणि पानं शिवली जातात. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही. घर बांधायचं तर पिल्लांना कामाला लावावंच लागतं.

एका वसाहतीची अशी डझनावारी घरटी शेजारशेजारच्या झाडांवर पसरलेली असतात आणि राणी असते त्यांतल्या एकात. मुंग्यांची संख्या लाखांत जाऊ शकते. जिथे एवढी वस्ती आणि एवढं अन्न, तिथे फुकट्यांची रांग लागणारच. मी त्या रांगेसाठीच भिंग घेऊन गेले होते.

पहिला सापडला तो कोळी. कोकोच्या पानावर एक हुमला बाकीच्यांपासून जरा लांब, झटके देत चालत होता. भिंगातून पाहिलं तर पाय आठ. पुढचे दोन पाय त्याने वर धरले होते, मुंगीच्या स्पर्शकांसारखे हलवत. हा मुंगीची नक्कल करणारा उडी-कोळी, मिरमाप्लाटा प्लाटॅलिऑइडिस. रंग तोच, कंबर तशीच बारीक. नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून नेतेय असंच वाटतं. दादाने मोबाइल जवळ नेला तसा तो पानाखाली सटकला, रेशमाच्या धाग्याला लटकून. मुंगीला हे जमत नाही.

कोकोच्या एका फळावर पिठ्या ढेकणांची पांढरी चकती होती आणि मुंग्या त्यांच्याभोवती गोड रसासाठी घुटमळत होत्या. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. या मुंग्या बागेचं नुसतं भलंच करतात असं नाही. त्या पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पाळतात, त्यांची राखण करतात, आणि तेवढं नुकसान होतंच. पण त्याच चकतीत, मुंग्यांच्या पायांखाली, एक अळी बसली होती. अंगावर पिठ्या ढेकणांचीच पांढरी पूड चढवलेली, त्यामुळे दिसेना. ही एपफ्लाय या फुलपाखराची अळी. पानं खात नाही, पिठ्या ढेकूण खाते. तिच्या कोशावर माकडाचा चेहरा काढल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. अण्णा इतकी वर्षं कोको काढतात, पण त्यांनीही ती पहिल्यांदाच पाहिली. भिंग त्यांनी बराच वेळ परत दिलं नाही.

अर्जुनाच्या जातीतल्या एका झाडावर ओकब्लू या फुलपाखराची अळी मिळाली. तिचा व्यवहार चोख आहे. पाठीवरच्या ग्रंथीतून ती गोड थेंब देते, मुंग्या तो पितात आणि तिच्याभोवती पहारा ठेवतात. पक्षी, गांधीलमाश्या जवळ येत नाहीत. नीळ कुळातल्या, म्हणजे लायकेनिडी, पुष्कळ फुलपाखरांचं मुंग्यांशी असं काही ना काही देणंघेणं असतं. मॉथ बटरफ्लायही याच कुळातलं, पण त्याच्या अळीचा व्यवहार अगदी उलटा. काही देत नाही, फक्त घेते.

दिवसभरात ती मात्र दिसली नाही. बाहेरून घरट्यात काय आहे ते कळत नाही आणि नुसतं बघायला घरटं फोडायचं नाही हे आमचं ठरलेलं होतं.

जाणार असाल तर : लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, डोक्याला पंचा. हे हुमले चावतात आणि चावलेल्या जागी पोटातलं आम्लही फवारतात, त्यामुळे डोळे सांभाळा. पोफळी उतरवणारे गडी हातापायांना राख चोळून चढतात. आम्हीही चोळली, बऱ्यापैकी उपयोग होतो. जळवांसाठी मीठ जवळ ठेवा.

तिसरा दिवस : काजूचा डोंगर

सकाळी नीर डोसे खाऊन आम्ही एन्मकजे पंचायतीच्या बाजूला गेलो. इथे डोंगरच्या डोंगर काजूचे आहेत. या जिल्ह्यातल्या सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. साडेचार हजार हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर, वर्षानुवर्षं. कशासाठी? ढेकण्यासाठी.

आदल्या दिवशीच्या सुरंगाचं पाणी मला इथे आठवलं. माथ्यावर जे पडेल ते जांभ्यातून झिरपून खाली येणार, आणि खाली माणसं ते पिणार. १९७९ मध्येच श्री पड्रे या पत्रकाराने इथे वाकड्या पायांची वासरं जन्माला येत असल्याचं लिहिलं होतं. नंतर त्याच गावात दवाखाना चालवणारे डॉ. वाय. एस. मोहनकुमार आपल्या रोग्यांच्या आजारांची नोंद ठेवत गेले, कारण एवढ्याशा वस्तीत इतकी व्यंगं आणि इतके कॅन्सर त्यांना पटेनात. दक्षिणेला पेरियाच्या लीलाकुमारी अम्मा, स्वतः कृषी खात्यात नोकरी करणाऱ्या, कोर्टात गेल्या आणि त्यांनी फवारणीला मनाई मिळवली. पुढे २०११ मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत एंडोसल्फान आलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली. २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. आम्ही गेलो त्या वाटेवरच्या एका घराच्या ओट्यावर तिशीतला एक मुलगा अंथरुणावर होता आणि त्याची आई त्याला भरवत होती. अण्णांनी त्यांची विचारपूस केली. आम्ही नमस्कार करून पुढे निघालो. त्या घराबद्दल याहून अधिक लिहिणं मला योग्य वाटत नाही.

ढेकण्याला खाणारे जे कोणी आहेत, त्यांत हे हुमले पहिल्या रांगेत आहेत. कोवळ्या फुटीवर त्यांची सतत गस्त असते आणि ढेकण्या तिथे टेकू शकत नाही. विष मारलं की ढेकण्याबरोबर मुंग्याही मरतात. नंतर ढेकण्या बाहेरून पुन्हा येतो, मुंग्या मात्र इतक्या लवकर परतत नाहीत. माणसाने हे कितीतरी आधी ओळखलं होतं. चीनमध्ये इ. स. ३०४ च्या सुमारास ची हान याने लिहून ठेवलंय की दक्षिणेत लोक संत्र्याच्या झाडांसाठी याच मुंग्यांची घरटी बाजारातून विकत आणतात. ते सगळं असताना या डोंगरांवर हेलिकॉप्टर का आणावं लागलं, हा प्रश्न मला तिथे उभं असताना फार टोचला, आणि अजूनही टोचतो.

अण्णांच्या मित्राची काजूबाग जवळच आहे, लहानशी आणि फवारणी न केलेली. मोहोराच्या आधीची सफाई चालू होती. गडी वाळकी फांदी तोडत होता आणि तिच्याबरोबर एक घरटं खाली आलं, एका बाजूने फाटून. गड्याने हाक मारली. अण्णांनी पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, पुढे केली, त्यावर ते घरटं ठेवलं आणि आम्ही चौघं हात झटकत, पाय आपटत भोवती बसलो.

आत मुंग्यांची पांढरी पिल्लं होती, ढिगाने. मुंग्या त्यांना तोंडात धरून सैरावैरा पळवत होत्या. आणि पानाच्या आतल्या बाजूला एक केशरी-तपकिरी, चपटी, लंबगोल गोष्ट चिकटलेली होती, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी लांब. ना डोकं दिसत होतं, ना पाय. दादा म्हणाला, "हे काय, बुरशी?" तेवढ्यात ती सरकली.

हीच ती मॉथ बटरफ्लायची अळी. शास्त्रीय नाव लिफायरा ब्रासोलिस. वेस्टवूड या कीटकशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये तिचं वर्णन केलं. भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती सापडते, तीही या मुंग्यांच्याच घरट्यांत.

भिंगातून मी तिची कड पाहिली. अंगाची कातडी जाड, चामड्यासारखी, आणि सगळ्या बाजूंनी पानापर्यंत खाली आलेली. मधे फटच नाही. एक हुमला आला, कडेला जबडा लावला, जोर केला. मागचे पाय उचलले गेले, इतका जोर. जबडा निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. दुसरी मुंगी पाठीवर चढून चावा घ्यायला लागली, तिचीही तीच गत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या कातडीचं गुपित उलगडलं आहे. तिच्यावर सूक्ष्म केसांचं रूपांतर होऊन बनलेले कठीण खवले असतात, एकमेकांवर चढलेले. त्यामुळे चावा आतपर्यंत पोहोचत नाही, आणि खवले सुटे सुटे असल्याने अळीला हवं तसं वळताही येतं.

मग अळीने पुढची कड जराशी उचलली. तिच्यासमोर मुंगीचं एक पिल्लू पडलं होतं. कड त्याच्यावरून पुढे आली आणि टेकली. पिल्लू दिसेनासं झालं. एवढंच. झटापट नाही, आवाज नाही. शेजारून मुंग्या दुसरी पिल्लं वाचवत धावत होत्या. अण्णांचे मित्र कानडीत काहीतरी पुटपुटले. अण्णांनी सांगितलं, ते म्हणतायत की बागेत सारं आयुष्य गेलं आणि हे आज कळतंय.

त्याच घरट्यात वरच्या पानाला तशीच आणखी एक चपटी वस्तू होती, पण न हलणारी, फुगीर आणि टणक. हा कोश. बहुतेक फुलपाखरांची अळी कोशात जाताना शेवटची कात टाकते. ही टाकत नाही. तीच कात टणक होते आणि कोश तिच्या आत तयार होतो, म्हणजे चिलखत शेवटपर्यंत अंगावर.

दादाला वेगळाच प्रश्न पडला होता. "मग ही अळी बागायतदाराची वैरीणच म्हणायची. मुंग्या ठेवायच्या आणि ही मुंग्या खाणार."

अण्णा हसले. "भाऊ, इतकी घरटी पाहिलीत. किती घरट्यांत दिसली? ही राहते म्हणजे मुंग्या पोटभर आहेत."

मलाही तेच वाटतं. अशी अळी असायला आधी भरपूर मुंग्या लागतात, वर्षानुवर्षं एकाच जागी टिकलेल्या. जिथे फवारणी होते तिथे हिचं काही चालत नाही. या डोंगरांचा इतिहास माहीत असताना तिला इथे जिवंत पाहणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

फाटलेलं घरटं, अळी आणि कोशासकट, गड्याने काथ्याने त्याच झाडाच्या दुबेळक्यात बांधून ठेवलं. जाण्याआधी त्याने विरीवरच्या दोन-तीन मुंग्या चिमटीत धरून तोंडात टाकल्या. लिंबासारख्या आंबट असतात. कर्नाटकातल्या मलनाडात त्यांची चटणी करतात, बस्तरमध्ये करतात, आणि ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दक्षिण थायलंडमध्ये लोक ही अळीसुद्धा शोधून खातात, हे मी संध्याकाळी अक्कांना सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

जाणार असाल तर : बागा खासगी किंवा महामंडळाच्या आहेत, परवानगीशिवाय आत शिरू नका. अळी पाहायची असेल तर काजू-आंब्याच्या सफाईच्या किंवा छाटणीच्या दिवसांत जा आणि तोडलेल्या फांद्यांवरची घरटीच बघा. आणि एंडोसल्फानग्रस्त घरांचे फोटो काढू नका. त्या माणसांनी कॅमेरे खूप पाहिलेत.

चौथा दिवस : पुत्तूर

हा दिवस दादाचा. पुत्तूरला काजू संशोधन संचालनालय आहे. आधी ई-मेलने कळवलेलं असल्याने आत जाता आलं आणि दादाने कलमं, रोपवाटिका, छाटणीच्या पद्धती असं सगळं पाहून वही भरली. मुंग्यांविषयी त्याच्या उपयोगाची माहिती मी जमवून ठेवली होती. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या परिसरातल्या काजूबागांत रेंकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी १९९० च्या दशकापासून या मुंग्यांवर काम केलं. त्यातलं सार असं: एका वसाहतीची झाडं दोऱ्या बांधून एकमेकांना जोडून द्यायची म्हणजे मुंग्यांना जमिनीवर उतरावं लागत नाही, आणि दोन वेगळ्या वसाहती एकमेकींना भिडू द्यायच्या नाहीत. भिडल्या की लढाई, आणि लढाईत दोन्ही बाजूंच्या मुंग्या मरून झाडं मोकळी पडतात.

आंब्यापेक्षा काजूला मुंग्या जास्त सोसतात, याचं एक साधं कारण दादानेच सांगितलं: पिकलेली बी खाली पडू दिली तर झाडावर चढावंच लागत नाही. त्याच्याकडे आजवर गडी चढूनच बोंडं काढत आलेत.

परतताना पुत्तूरचाच, कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना दिसला. अण्णांच्या कोकोच्या बिया शेवटी तिथेच पोचतात. दुकानातून अक्कांच्या नातवंडांसाठी चॉकलेटं घेतली. संध्याकाळी पाऊस, वीज गेलेली, आणि कंदिलाच्या उजेडात अक्कांनी तळलेले फणसाचे पापड. अण्णा रात्री उशिरापर्यंत सुपारीचे भाव, माकडं आणि मुलांची बंगळूरची नोकरी यांवर बोलत होते.

पाचवा दिवस : पुन्हा त्याच झाडाखाली

गाडी रात्रीची होती, म्हणून सकाळी आम्ही बांधून ठेवलेलं घरटं पाहायला गेलो. मुंग्यांनी ते शिवून टाकलं होतं. काथ्यावरून नवी पानं ओढून, फाटलेली बाजू पांढऱ्या रेशमाने बंद. मी खोडावर भिंग धरलं आणि मला कळेना हे काय चाललंय. दहा-बारा मुंग्या तोंडं पुसत होत्या. काहींच्या जबड्यांत, काहींच्या स्पर्शकांवर पांढरं काहीतरी चिकटलेलं, भाकऱ्या थापताना बोटांना तांदळाचं पीठ चिकटावं तसं. एक मुंगी पुढचा पाय पुन्हा पुन्हा तोंडातून ओढत होती आणि ते निघत नव्हतं.

दादा वर पाहत होता. "ताई, हलू नकोस."

घरट्यापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूला, ते लटकलं होतं. पंख अजून पुरते उघडले नव्हते, ओले, सुरकुतलेले. अंग जाड, पतंगासारखं, आणि त्यावर अजून बरेचसे पांढुरके खवले. कोशातून बाहेर पडताना हे फुलपाखरू मुंग्यांच्या मधूनच चालत येतं. आता चिलखत नसतं, मऊ अंग असतं. मुंग्या तुटून पडतात, पण त्यांच्या तोंडात येतात ते हे सुटे खवले. ते चिकटतात, जबडे आणि स्पर्शक माखतात, आणि मुंग्या स्वतःला साफ करत बसतात तोवर ते बाहेर पडलेलं असतं. एफ. पी. डॉड याने ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला हे पाहून १९०२ मध्ये लिहिलं होतं. वाचलं होतं मी ते. समोर पाहताना मात्र माझे हात कापत होते आणि पहिले सगळे फोटो हललेले आले.

पंख भरायला बराच वेळ लागला. हळूहळू ते खाली लोंबत मोठे होत गेले: गडद केशरी, काळ्या रुंद कडा, मधे काळे डाग. नीळ कुळातली फुलपाखरं बहुतेक नखाएवढी असतात. हे तळहात अर्धा झाकेल एवढं. एक-दोन मुंग्या अधूनमधून जवळ जात, मिशा लावत आणि मागे फिरत. याची सोंड नीट वाढलेलीच नसते. फुलावर ते जात नाही, मध पीत नाही. अळी असताना खाल्लेल्या मुंगीच्या पिल्लांवर त्याला उरलेलं सगळं आयुष्य काढायचं असतं. उडतं ते मुख्यतः तिन्हीसांजेला, म्हणून सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही. मादी पुन्हा अशाच झाडाच्या फांदीवर अंडी घालते.

आम्ही तीन तास तिथे होतो. अण्णांचे मित्र घरच्या सगळ्यांना घेऊन आले, शाळेची सुट्टी असल्याने पोरंही. सगळ्यांनी पाळीपाळीने भिंगातून पाहिलं. एकीने फांदी हलवायला हात उचलला तर तिच्या धाकट्या भावानेच तो धरला. दीडच्या सुमारास ढग आले आणि आम्हाला निघावं लागलं. ते अजून तिथेच होतं, पंख मिटून.

मंगळूरपर्यंत दादा गप्प होता आणि गाडीत बसल्यावर त्याने वही काढली. त्याच्या बागेच्या वरच्या अंगाला, विहिरीपलीकडे, जुन्या काजूंवर हुमले आहेत. आजवर तो त्यांची घरटी काठीला बोळा बांधून जाळत आला. यंदा त्या तुकड्यात फवारणी करायची नाही आणि घरटी जाळायची नाहीत असं त्याने ठरवलं. घरी आल्यावर आठवड्यातच त्याने सुंभाच्या दोऱ्या आणून झाडं जोडली. दोन वसाहती कुठे भिडतात ते ओळखायला आम्ही दोन झाडांवरच्या मुंग्या एकत्र सोडून पाहतो: एकाच घरच्या असतील तर स्पर्शक लावून आपापल्या वाटेने जातात, परक्या असतील तर लगेच जुंपते. मोहोर आला की ढेकण्याचं काय होतं ते या तुकड्यात आणि फवारलेल्या तुकड्यात शेजारीशेजारी दिसेल. मार्चअखेर बिया वेचून झाल्या की दोन्हीकडचे आकडे इथेच लिहीन.